गाळ वाचणारे

पीएचडी झाल्यावर संशोधकाला जी नेमणूक मिळते, तिला मराठीत धड नाव नाही. सगळे ‘पोस्टडॉक’च म्हणतात. महालक्ष्मीचं दर्शन घेऊन लक्ष्मी तालाच्या काठाने परतताना झाशीच्या आत्याने विचारलं, “म्हणजे तू शिकतेस की नोकरी करतेस?” दोन्ही, म्हटलं. “मग पक्की कधी होणार?” माझी नेमणूक दोन वर्षांची होती आणि तिचे सात महिने उरले होते. गोव्याला अरबी समुद्राचा गाळ तपासते, एवढं आत्याला ठाऊक होतं. त्या गाळाचा तिच्या तालाशी काय संबंध, ते मी तिला सांगू लागले.

समुद्राच्या तळातून नळीने उपसलेल्या गाळात फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची कवचं असतात. बरीचशी खसखशीच्या दाण्याहून लहान. सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने ती एकेक उचलायची. काही जीव वरच्या पाण्यात जगलेले असतात, काही तळाशी. एकाच थरातल्या दोन्ही कवचांचं वय कार्बन-१४ने काढलं, की तळातली कवचं जास्त जुनी निघतात. या फरकावरून खोल पाण्याचा हवेशी संबंध तुटून किती काळ लोटला होता, याचा अंदाज येतो. उत्तर अटलांटिकमध्ये आणि अंटार्क्टिकाभोवती बुडालेलं गार पाणी जगभर फिरून पुन्हा वर यायला हजारेक वर्षं घेतं.

सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिकमधलं हे बुडणं मंदावलं. युरोपात पुन्हा कडाका पडला आणि तो बाराशे वर्षं टिकला. त्याच काळात आपला मोसमी वाराही दुबळा झाल्याच्या खुणा अरबी समुद्राच्या गाळात सापडतात. नैर्ऋत्येचा वारा जोरात असला की ओमान-सोमालियाच्या किनाऱ्यालगत खालचं गार पाणी वर येतं आणि त्यात ‘ग्लोबिजेरिना बुलॉइडिस’ नावाचा फोरॅमिनिफेरा फोफावतो. वारा मंदावला की त्याची कवचं कमी होतात. म्हणून ती मोजायची.

आत्याने तालाकडे हात केला. “आमचा पाऊस तिकडूनच येतो ना?” बराचसा बंगालच्या उपसागरावरून, काही अरबी समुद्रावरून, पण मोसमी वारे तेच. बुंदेलखंडाच्या ग्रॅनाइटमध्ये पाणी फारसं मुरत नाही, म्हणून इथे तलाव बांधायची रीत जुनी. तलावाचा गाळही वाचता येतो. बुलढाण्यातल्या लोणारच्या गाळातून हजारो वर्षांचा पाऊस वाचला गेला आहे. गावातल्या तलावाचा गाळ मात्र लोक उपसतात. ते गरजेचंही असतं. पण थरांचा क्रम एकदा मोडला की तो परत लावता येत नाही.

आमच्या नळ्या शीतगृहात चार अंशांवर नीट पडून आहेत. त्यांना घाई नाही. त्या वाचणाऱ्या माणसाची मुदत मात्र संपत असते. एका नमुन्यातली निदान तीनशे कवचं ओळखून मोजावी लागतात आणि त्यासाठी डोळा तयार व्हायला मला जवळजवळ वर्ष लागलं. सारखी दिसणारी दोन कवचं पुस्तकातल्या चित्रावरून ओळखू येत नाहीत. शेजारी बसून कोणीतरी दाखवावी लागतात. मला ज्यांनी दाखवली, त्यांचीही नेमणूक संपली आणि ते दुसऱ्या क्षेत्रात गेले. त्यांनी अर्धवट सोडलेला तक्ता अजून तसाच आहे. ते कुठल्या कवचाला काय समजत होते, हे आता त्यांनाही सांगता येत नाही.

मला बंगळुरूच्या एका कंपनीकडून विचारणा झाली आहे. पगार दुप्पट, नोकरी पक्की. बहुतेक मी जाईन. घरचं कर्ज कार्बनच्या कालगणनेने फिटत नाही. पण नळीतले चाळीस नमुने राहिले आहेत आणि एमएस्सीची एक मुलगी रोज दुपारी प्रयोगशाळेत येते. ओळखलेलं प्रत्येक कवच मी आता काचपट्टीवर वेगळं चिकटवते, त्याखाली नाव आणि ते का ठरवलं हे लिहिते. शंका असेल तिथे शंकाही लिहिते. गेल्या आठवड्यात तिने माझं एक बुलॉइडिस खोडलं. मी पुन्हा पाहिलं. दोघींचं एकमत झालं नाही, म्हणून त्या पट्टीवर दोन्ही नावं ठेवली.