घड्याळातल्या कॅलरी आणि ताटातली भाकरी

गेल्या वर्षी आमच्या यांच्या रक्ताच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर काठावर आली. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. आधी सात-आठ किलो वजन उतरवा, मग बघू, म्हणाले. तेव्हा यांचं वजन ८४ किलो होतं. काम दिवसभर खुर्चीवरचं, आणि नगरच्या सावेडीतल्या घरापासून ऑफिसपर्यंत जाणं-येणं मोटरसायकलवर.

हे पहाटे भुईकोट किल्ल्याकडे चालायला जाऊ लागले. तासाभरात पाच किलोमीटर व्हायचं. मुलीने मनगटावरचं घड्याळ घेऊन दिलं आणि मोबाइलवर जेवणाची नोंद ठेवणारं अ‍ॅप टाकून दिलं. अ‍ॅपने दिवसाला १,७५० कॅलरी ठरवल्या. चालून आलं की घड्याळ ३८० कॅलरी जळाल्या असं दाखवायचं, आणि अ‍ॅप तेवढ्या कॅलरी खाण्यात वाढवून द्यायचं. शिल्लक दिसतेय म्हटल्यावर हे संध्याकाळी मूठभर शेंगदाणे आणि रात्री आणखी एक भाकरी घ्यायचे. चोरून काहीच नाही. घास न् घास लिहिलेला असायचा.

दोन महिने काटा जागचा हलला नाही. पावसाळ्यातही यांनी चालणं सोडलं नव्हतं, म्हणून मला फार वाईट वाटायचं. एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "एवढं चालून काय उपयोग?" त्या दिवशी मी वही घेऊन बसले. मी शाळेत गणित शिकवते.

आधी भाकरी धरली. अ‍ॅपमध्ये एका ज्वारीच्या भाकरीला दीडशेच्या आसपास कॅलरी होत्या. मी परातीत घेण्याआधी पीठ काट्यावर ठेवलं. आमच्या एका भाकरीला ७० ग्रॅम पीठ लागतं. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ३४० कॅलरी असतात, म्हणजे आमची भाकरी झाली २४० ची. नगरकडची भाकरी थोराड असते, ते अ‍ॅपला कसं कळणार? दिवसाला तीन भाकऱ्या धरल्या तर अडीचशेच्या वर कॅलरी नोंदीबाहेर जात होत्या. शेंगदाण्यांची मूठही ३० ग्रॅम भरली. त्यात १७० कॅलरी.

मग चालणं. सपाट रस्त्यावर चालताना आपल्या वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण अर्धी कॅलरी जास्तीची लागते. ८४ किलो आणि पाच किलोमीटर, म्हणजे २१०. घड्याळ दाखवत होतं ३८०. यातला काही फरक सरळ आहे. तासभर नुसतं बसून राहिलं तरी शरीराला किलोमागे एक कॅलरी लागतेच. यांच्या त्या ८४ घड्याळाने चालण्यातच धरल्या होत्या, आणि दिवसाच्या हिशेबात त्या आधीच आलेल्या होत्या. बाकीचा घड्याळाचा अंदाज. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये मनगटावरची सात यंत्रं तपासली होती. बहुतेकांचे नाडीचे ठोके बऱ्यापैकी बरोबर निघाले, पण कॅलरीत सगळ्यात चांगलं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्के चुकत होतं.

तिसरी गोष्ट अ‍ॅपच्या पहिल्याच पानावर सापडली. 'तुमची रोजची हालचाल किती?' या प्रश्नाला मुलीने 'हलकी हालचाल' निवडलं होतं, बाबा चालतात म्हणून. म्हणजे चालणं १,७५० मध्ये एकदा आलं आणि घड्याळाकडून पुन्हा आलं. मी तिथे 'बैठं काम' केलं. आकडा १,५०० वर आला. घड्याळ अ‍ॅपपासून तोडलं आणि रोजच्या चालण्याच्या बदल्यात जास्तीचं खाणं बंद केलं. संध्याकाळी पाचला पोटात कावळे ओरडायला लागायचे, तेव्हा ताक आणि वाटीभर मोडाची मटकी. पहिला आठवडा यांची चिडचिड झाली, पुढे सवय पडली.

काटा हलला. सावकाश, पण दर आठवड्याला थोडा.

हिवाळ्यात ऑफिसातली मंडळी कळसूबाईला निघाली. १,६४६ मीटरचं शिखर, बारी गावातून चढायचं. हे सकाळी पोहे खाऊन गेले आणि व्यायामाचं खायचं नाही म्हणून वाटेत कशालाच हात लावला नाही. उतरताना लोखंडी शिडीपाशी पाय लटपटायला लागले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. सोबतच्यांनी खाली बसवून गूळ-शेंगदाणे दिले. बारीत पोचल्यावर पिठलं-भाकरी खाल्ली तेव्हा कुठे चेहऱ्यावर तरतरी आली. रात्री फोनवर हे ऐकून माझे हातपाय गार पडले.

तेव्हापासून घरात दोन वेगळे हिशेब आहेत. रोजच्या तासभराच्या चालण्याचं वेगळं खाणं नाही. डोंगर चढायचा असेल किंवा गावी शेतात दिवसभर राबायचं असेल तर सोबत डबा, दर दीड-दोन तासांनी दोन घास, आणि त्या दिवशी अ‍ॅप उघडायचं नाही.

वजन आता ७७ वर आहे आणि साखर काठाच्या खाली आली आहे. यांना गोळी नव्हती म्हणून हे प्रयोग घरच्या घरी करता आले. ज्यांना साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. चालून आल्यावर त्यांची साखर एकदम खाली जाऊ शकते.