माहेरी आलेले वांगे

स्वयंपाकघर हे घरातील सर्वांत कर्मठ दालन होय. दिवाणखान्यातील बैठक जाऊन तेथे खुर्च्या येतात, मुलांच्या तोंडी परभाषा येते आणि आजोबांच्या डोक्यावरील पागोटे केव्हा नाहीसे झाले हे घरात कोणालाच सांगता येत नाही. परंतु आमटीत गूळ किती घालावा या प्रश्नावर तीन पिढ्यांत तसूभर फरक पडत नाही. मनुष्य आपली मते बदलतो, पक्ष बदलतो, क्वचित आपला देवही बदलतो. जीभ मात्र सर्वांच्या शेवटी बदलते. म्हणूनच एखाद्या घरात परका पदार्थ रूढ होणे ही मी क्षुल्लक गोष्ट समजत नाही. त्यात एक लहानशी राज्यक्रांतीच असते, आणि कोणत्याही राज्यक्रांतीप्रमाणे तिच्यात कोणी काय गमावले व कोणी कोणावर विश्वास टाकला, हे पाहण्याजोगे असते.

अलीकडे आमच्या घरात अशा एका पदार्थाने प्रवेश केला. इटालियन लोक त्याला ‘पार्मिजाना’ म्हणतात. करावयास तो इतका सोपा आहे, की माझ्यासारख्या प्राध्यापकालाही करता येतो. वांग्याच्या चकत्या, टोमॅटोचा दाट रस आणि चीज यांचे थरावर थर रचावयाचे आणि तो सर्व प्रपंच ओव्हनमध्ये भाजून काढावयाचा, एवढीच त्याची कृती. नावावरून तो पार्मा शहरचा असावा असे वाटते. पण पार्मा इटलीच्या उत्तरेस, आणि या पदार्थावर हक्क सांगणारे लोक नेपल्सचे नाही तर सिसिलीचे, म्हणजे अगदी दक्षिणेकडचे. कोणी म्हणतात, नाव पडले ते पार्माच्या प्रसिद्ध चीजवरून. कोणी म्हणतात, सिसिलीच्या बोलीत खिडकीच्या झडपेच्या आडव्या पट्ट्यांना तसाच काहीसा शब्द आहे आणि एकावर एक बसलेल्या चकत्या तशाच दिसतात. वाद मिटलेला नाही, आणि मिटू नये असेच मला वाटते. ज्या पदार्थावरून दोन गावे भांडतात, तो चवीला चांगला असलाच पाहिजे. एवढे खरे, की इप्पोलितो काव्हालकांती या नेपल्सच्या उमरावाने १८३७ साली जे पाकशास्त्राचे पुस्तक काढले, त्यात तळलेल्या वांग्यांचे थर, चीज, बेसिल आणि टोमॅटोचा रस अशी ही जोडणी आढळते.

वाचकांपैकी कोणी म्हणतील, ‘वांगे आपले, मग हा परका पदार्थ कसा?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि माझ्या कुतूहलाला जाग आली ती त्यामुळेच. वांगे हे मूळ आपल्या बाजूचे. संस्कृतात त्याला वृन्ताक, वार्ताक, वातिंगण अशी नावे आहेत. यांपैकी वातिंगण हा शब्द इराणात जाऊन ‘बादिंगान’ झाला, अरबांच्या तोंडी ‘बादिंजान’ झाला, अरबांबरोबर स्पेनमध्ये गेला, आणि तेथून वेश पालटीत पालटीत फ्रेंचांकडे ‘ओबेर्जीन’ होऊन बसला. पोर्तुगीजांनी त्याचे ‘बेरिंजेला’ केले, आणि ते गलबतातून पुन्हा आपल्या किनाऱ्यास लागल्यावर त्याचे ‘ब्रिंजल’ झाले. आमच्या इंग्रजी शाळेत आम्ही जो शब्द विलायती म्हणून घोकला, तो जगप्रदक्षिणा करून आलेला आपल्याच घरचा शब्द निघाला!

परदेशात या वांग्याचे स्वागत मात्र सासरी गेलेल्या गरीब घरच्या मुलीसारखे झाले. इटालियन लोकांनी त्याच्या ‘मेलान्झाना’ या नावाचा अर्थ ‘वेडाचे फळ’ असा लावला आणि ते खाऊन माणसाचे डोके फिरते अशी समजूत करून घेतली. पेल्लेग्रिनो आर्तुसी या गृहस्थाने १८९१ साली, प्रकाशक मिळेना म्हणून पदरचे पैसे घालून, पाकशास्त्राचे एक पुस्तक छापले. ते पुढे इटलीत घरोघरी गेले. त्यात तो सांगतो, की चाळीस वर्षांपूर्वी फ्लॉरेन्सच्या बाजारात वांगी फारशी दिसतच नसत, कारण ती ज्यूंचे अन्न म्हणून हेटाळली जात. अन्नाला जात चिकटविण्याचा उद्योग केवळ आपल्याच देशात चालतो असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी हे ध्यानी घ्यावे.

टोमॅटोची कथा याच्या उलट दिशेची. तो मेक्सिकोकडचा. स्पॅनिश लोकांनी त्याला सोळाव्या शतकात युरोपात आणले. मात्तिओली या इटालियन वैद्याने १५४४ साली त्याचे वर्णन केले, तेव्हा त्याने हे नवे फळ वांग्याचीच एक जात म्हणून नोंदले. मला याचे फार नवल वाटले. कारण हजारो कोसांवर, मात्तिओलीचे नावही ज्यांनी ऐकले नव्हते, त्या आपल्या लोकांनी तेच केले. बंगाल्यांनी टोमॅटोला ‘बिलाती बेगुन’ म्हटले, आणि आमच्या कोकणात त्याला ‘वेलवांगे’ म्हणणारी वृद्ध माणसे मी स्वतः पाहिली आहेत. वनस्पतिशास्त्र आज सांगते, की दोघांचे कूळ एकच. परके म्हणून दाराशी आलेल्याच्या चेहऱ्यात घरच्याची ठेवण ओळखणारी ही अडाणी दृष्टी मला पुष्कळ पंडितांच्या दृष्टीपेक्षा अधिक शहाणी वाटते.

आता माझ्या घराकडे येतो. गेली तीन वर्षे आमच्या घरात दोनच माणसे आहेत: मी आणि माझी आई. मी छप्पन्न वर्षांचा, ती ब्याऐंशीची. पत्नी वारल्यावर काही दिवस आईने पुन्हा पदर खोचला. परंतु तिची दृष्टी मंदावत गेली आणि आता तर तिला समोरच्या ताटातील भात व पोळी यांत केवळ पांढरे आणि तांबूस एवढाच भेद दिसतो. गॅस पेटविणे आम्ही बंद केले. जिने साठ वर्षे दुसऱ्यांची ताटे वाढली, तिला आता आपल्या ताटात काय आहे हे विचारावे लागते. तिखट सोसत नाही, दात उरले नाहीत. तेव्हा मऊ भात, वरण आणि दूध यांवर तिने आपला संसार आटोपता घेतला होता. जेवणातील रस गेला म्हणजे म्हातारी माणसे हळूहळू इतर गोष्टींतूनही अंग काढून घेतात. ते अंग काढून घेणे मला दिसत होते. वांग्याचे भरीत ही एके काळी तिची ख्याती. म्हणून मऊ, तिखटाविना आणि तरीही चवदार असे वांग्याचे काही तोंडीलावणे मी शोधू लागलो.

ओव्हन घरात होता. पत्नीने हौसेने घेतला होता आणि तिच्यामागे त्यावर तिनेच विणलेले आच्छादन तसेच होते. मी ते काढून घडी करून ठेवले. चातुर्मासात आई वांगे खात नाही. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला, की मगच आमच्याकडे वांगे येते. तेव्हा मुहूर्त मार्गशीर्षातला निघाला, आणि तो शास्त्राप्रमाणेच सोयीलाही धरून होता. कारण थंडीच्या त्या दिवसांत वांगी आणि टोमॅटो दोन्ही बाजारात भरास आलेली असतात.

भरताची दोन मोठी वांगी घ्यावी आणि त्यांच्या बोटाच्या पेराएवढ्या नव्हे, त्याच्या निम्म्या जाडीच्या चकत्या कराव्या. त्यांना मीठ चोळून अर्धा तास ठेवले म्हणजे त्या पाणी सोडतात. पूर्वी हे कडवटपणा जावा म्हणून करीत. आजची वांगी फारशी कडू नसतात, पण पाणी गेले की त्यांचा पोकळ गर दबतो आणि तेल कमी पितो, हा लाभ आहेच. नेपल्सची गृहिणी त्या चकत्या तळते. वांगे हे तेलाच्या बाबतीत स्पंजाचा सख्खा भाऊ असल्यामुळे मी तो मार्ग सोडला. चकत्या पुसून, दोन्ही बाजूंना तेलाचे बोट लावून २०० अंश सेंटिग्रेडच्या ओव्हनमध्ये अर्धा तास ठेवल्या, मध्ये एकदा उलटल्या, की काम होते. तोपर्यंत एक किलो टोमॅटो उकळत्या पाण्यातून काढून सोलावे आणि लसणाच्या दोन पाकळ्या व थोडे तेल यांवर पळीला चिकटून राहील इतके आटवावे. मग थर: रस, चकत्या, बेसिलची पाने, किसलेले चीज, पुन्हा रस, पुन्हा चकत्या. बेसिल म्हणजे आपला सब्जाच, जात तीच. त्याची पाने माझ्या खिडकीतील कुंडीत मिळाली. सर्वांत वर चीज येईल असे पाहावे आणि १९० अंशांवर आणखी अर्धा तास भाजावे. बाहेर काढल्यावर वीस मिनिटे त्याला हात लावू नये. थर बसल्याशिवाय कापले तर सगळ्याचा लगदा होतो.

या अर्ध्या तासात आत काय घडते ते पाहण्यासारखे असते. ओले आहे तोवर कोणतेही अन्न शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही. वरचे पाणी उडाले, की मग पृष्ठभाग तापत जातो, चीज तांबूस होते आणि तो खमंग वास सुटतो. या तांबूसपणाचे रसायन लुई मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली मांडले. टोमॅटो आणि मुरलेले चीज यांची जोडी जमते तिलाही कारण आहे: दोहोंत ग्लुटामिक आम्ल विपुल असते, आणि इकेदा या जपानी प्राध्यापकाने १९०८ साली समुद्रशेवाळाच्या काढ्यात शोधलेली ‘उमामी’ ही चव त्याचीच. आईला मी हे समजावून सांगितले. ती म्हणाली, “वरखाली निखारे ठेवून आम्ही धोंडस करीत होतो, तेच ना हे?” अगदी तेच. मायारच्या पुष्कळ आधीपासून आमच्या कोकणातल्या बायकांनी झाकणावर निखारे ठेवले होते.

खरा प्रश्न उभा राहिला तो चीजचा. माझा एक जुना विद्यार्थी त्याच सुमारास इटलीहून आला आणि त्याने अस्सल ‘पार्मिजानो’चा एक तुकडा मोठ्या प्रेमाने मला दिला. सुमारे ४० किलोच्या एका चाकास सुमारे ५५० लिटर दूध लागते आणि ते निदान बारा महिने मुरवावे लागते. असे हे राजस चीज. परंतु ते दूध विरजतात ते वासराच्या जठरातून काढलेल्या द्रव्याने, आणि त्यांच्या नियमाप्रमाणे दुसरे काही चालत नाही. आमच्या घरात आजवर मांस शिजलेले नाही. घरी आलेल्या एका नातलगाने मला बाजूला घेऊन सल्ला दिला: “घाल की! तिला कुठे दिसते आहे?”

सल्ला देणारा दुष्ट नव्हता; व्यवहारी होता. पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. तिला दिसत नाही हेच तर कारण होते! ज्याला दिसते तो आपले ताट स्वतः पारखतो. त्याला फसविणे हा एक डाव असतो, आणि डावात तो जिंकूही शकतो. ज्याला दिसत नाही त्याचे सारे जेवण दुसऱ्याच्या शब्दावर उभे असते. मी तिच्यासाठी काय शिजवतो यापेक्षा, मी ‘हे अमुक आहे’ म्हणतो तेव्हा ते अमुकच असते, यावर ती जेवत होती. तो आधार काढला तर जगातील कोणतेही चीज तिच्या घशाखाली उतरले नसते. निदान माझ्या उतरले नसते. मी तिला तुकड्याची सगळी हकिकत सांगितली. ती क्षणभर थांबून म्हणाली, “त्याने एवढ्या लांबून आणले आहे, टाकू नकोस. तू खा. माझ्यात ते हिरव्या ठिपक्याचे घाल.” बाजारात हिरव्या चौकटीतील हिरव्या ठिपक्याचे चीज आता सहज मिळते, त्यात जनावराचे काही नसते. तेव्हा आमची पार्मिजाना पार्माच्या चीजवाचून झाली. नावाचा वाद मी वर सांगितलाच आहे; आमच्या घरापुरता तो खिडकीच्या पट्ट्यांच्या बाजूने सुटला.

आईने पहिला घास घेतला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, “वांगं कुठलं? काटेरी देठाचं का?” मी होय म्हणालो. “भाजणी बरी झाली आहे,” ती म्हणाली, आणि ताट किंचित पुढे सरकविले. वाढणाऱ्याला ही खूण कळते. दुसऱ्यांदा वाढल्यावर तिने मऊ भाकरीचा तुकडा त्यात बुडविला आणि दाण्याचे कूट घातले असते तर अधिक मिळून आले असते, असा अभिप्राय दिला. तेव्हापासून आमच्या पार्मिजानात मधल्या थरावर मूठभर कूट पडते. नेपल्सच्या लोकांना हे कळले तर ते काय म्हणतील याची मला कल्पना आहे; परंतु सासरी काही शतके राहून माहेरी आलेल्या लेकीला माहेरच्या माणसांनी आपल्या पद्धतीने दोन घास भरविले, तर त्यात सासरच्यांनी रागावण्याजोगे काय आहे?