वजाबाकीने बिघडवलेला क्रम

एका जुन्या फाईल सर्व्हरचा बॅकअप नव्या लिनक्स सर्व्हरवर उतरवायचं काम माझ्याकडे आलं होतं. फायली उतरल्या, राहिल्या त्यांच्या परवानग्या. मालक, गट आणि इतर एवढ्यावर भागत नव्हतं. अमक्या युजरला फक्त वाचू द्या, तमक्या गटाला लिहूही द्या, अशा नोंदींची यादी म्हणजे एसीएल बहुतेक फायलींना जोडलेली होती. ती लिहायला मी सीमध्ये छोटा प्रोग्रॅम केला. प्रत्येक नोंद आठ बाइटची: दोन बाइट टॅग, दोन परवानगी, चार आयडी.

पहिल्याच फायलीला कर्नलने ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणत यादी परत केली. नोंदी त्याला ठरलेल्या क्रमानेच लागतात: मालक, नावाने दिलेले युजर, मालकाचा गट, नावाने दिलेले गट, मास्क, शेवटी इतर. टॅगचे आकडे याच क्रमाने 1, 2, 4, 8, 16, 32 असे आहेत, त्यामुळे टॅगवर चढत्या क्रमाने लावलं की झालं. ज्याने हे आकडे योजले त्याचं मला आजही कौतुक वाटतं.

टॅग सारखा असला तर आयडी पाहायचा. क्यूसॉर्टच्या कम्पॅरेटरमध्ये मी पहिल्या आयडीतून दुसरा वजा केला आणि उत्तर परत दिलं. चाचणीत सगळं बरोबर आलं.

ताळा घ्यायला जुन्या सर्व्हरच्या याद्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. त्यांत युजर नावांच्या अकारविल्हे क्रमाने होते. त्या याच कम्पॅरेटरने लावून नव्या याद्यांशी ताडल्या, तर कित्येक फायलींवर फरक निघाला. माझा सहकारी रात्री उशिरापर्यंत एकेक फाईल हाताने तपासत बसला. प्रत्येक नोंद यादीत होती, परवानगी अचूक होती. मग फरक कसला?

दुसऱ्या दिवशी कागदावर तीन आयडी मांडले: 1000, 200 कोटी, 400 कोटी. चाचणीतले आयडी लहान होते; खऱ्या सर्व्हरवर डिरेक्टरीतून आलेले असे प्रचंड आकडेही होते. आयडी 32 बिटचा, बिनचिन्हाचा. कम्पॅरेटरचं उत्तर मात्र चिन्हासह इंट. 1000 मधून 400 कोटी वजा केले की उत्तर गुंडाळून 29,49,68,296 येतं, म्हणजे धन! पहिला दुसऱ्याहून लहान, दुसरा तिसऱ्याहून लहान आणि तिसरा पहिल्याहून लहान. अशा चक्रातून क्यूसॉर्ट काय काढणार? नोंदी ज्या क्रमाने हाती येतील तसं उत्तर बदलत होतं.

कर्नल टॅगचा क्रम तपासतो, एका टॅगखालच्या आयडींचा नाही. म्हणून कुठेच एरर आली नव्हती. ताळा घेतला नसता तर ही चूक प्रोग्रॅममध्ये तशीच राहिली असती.

मी वजाबाकी काढून दोन तुलना लिहिल्या: पहिला मोठा आहे का, यातून पहिला लहान आहे का, हे वजा. या वजाबाकीतून उणे एक, शून्य किंवा एक याखेरीज काही येऊच शकत नाही. ताळा पुन्हा चालवला, एकही फरक निघाला नाही. तुमच्या कोडमध्ये आयडींची वजाबाकी करणारा कम्पॅरेटर असेल, तर तो आजच बदला.