सेल्फ मारताना

इंजिन फिरवायचं हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ मिटायची नाही, हे काकांनी मला जीपला हात लावू देण्याआधीच शिकवलं. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून निसटलं पाहिजे, मनगट त्यात अडकायला नको. त्यांची जीप महिंद्राची, जुनी सीजे ३ बी. कोयनेच्या खोऱ्यात तिच्यावर त्यांनी ठेकेदारीची कामं केली, पुढे काही वर्षं कराड-पाटण वडाप, म्हणजे प्रवासी वाहतूकही. थंडीत बॅटरी उतरली की बंपरच्या भोकातून हँडल आत जायचं आणि घरचे सगळे लांब उभे राहायचे.

या झटक्याने जगभर माणसांचे हात मोडले आहेत. अमेरिकेतल्या डेटन गावच्या चार्ल्स केटरिंग यांच्या डेल्को कंपनीने त्यावर तोड काढली आणि १९१२च्या कॅडिलॅकमध्ये विजेवर चालणारा स्टार्टर आला. केटरिंगनी ओळखलेलं मर्म मला फार मोलाचं वाटतं. ही मोटर काही सेकंदच फिरणार, दिवसभर नाही. मग ती लहान असली तरी तेवढ्यापुरता तिच्यावर ताकदीबाहेरचा भार टाकायला काय हरकत आहे?

आमच्या जीपमध्ये चावी फक्त कॉइलला करंट द्यायची. इंजिन फिरवायचं काम पायाचं. अ‍ॅक्सिलरेटरशेजारची गुंडी दाबली की आत तांब्याची चकती दोन जाड बोल्टांना टेकायची आणि बॅटरी थेट स्टार्टरला जोडली जायची. बेंडिक्सचा पिनियन आट्यांवरून सरकून फ्लायव्हीलच्या दात्यांत बसायचा, आणि इंजिन सुरू झालं की मागे फेकला जायचा. चावी बंद असली तरी सेल्फ लागायचा. ओढ्यात इंजिन बंद पडलं तर काका पहिला गिअर टाकून, क्लच सोडून, नुसत्या सेल्फवर जीप काठाला आणत. बॅटरीचा जीव जायचा, पण जीप बाहेर यायची.

कॉलेजच्या सुट्ट्यांत मी कराडच्या एका वायरमन मिस्त्रींकडे बसायचो. गाडीत करंटचे दोन वेगळे रस्ते असतात, हे त्यांनी माझ्या डोक्यात पक्कं बसवलं. स्टार्टर शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो, कॉइलला चारेक पुरतात. तो मोठा करंट चावीपर्यंत आणायचाच नाही. बॅटरीपासून जाड केबल सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचच्या, एका बोल्टला, दुसऱ्या बोल्टवरून स्टार्टरला. चावीकडून येते ती बारीक वायर, सोलेनॉइडला फक्त हुकूम द्यायला.

काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा चावीवर सेल्फ लावायचं मी ठरवलं. एक सोलेनॉइड आणला आणि चावीसाठी चार टर्मिनलचा साधा स्विच: बॅटरी, अ‍ॅक्सेसरी, इग्निशन, स्टार्ट. बसवण्याआधी स्विचला टेस्ट लॅम्प लावून पाहिला. चावी स्टार्टवर धरलेली असताना इग्निशनच्या टर्मिनलवरही दिवा पेटलेला राहिला पाहिजे. काही स्विचांत तो नेमका तिथे विझतो. मग इंजिन नुसतंच फिरत राहतं, चावी सोडताक्षणी एखादवेळी पकडतं, आणि माणूस उगाच पेट्रोलला नाहीतर डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटला दोष देत बसतो.

माझा सगळ्यात जास्त वेळ मात्र अर्थिंगवर गेला. इंजिन रबरावर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिनापासून चॅसिसपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी लागते. ती गंजली की स्टार्टरचा करंट परतीची दुसरी वाट शोधतो, आणि त्याला सापडते ती चोकची केबल. आमच्या जीपची केबल एकदा चटका बसण्याइतकी तापली होती. मी चॅसिसवरचा रंग खरवडला, लोखंड लख्ख दिसेपर्यंत घासलं, नवी पट्टी आवळली आणि वरून ग्रीस लावलं. लोक नवी बॅटरी घेतात, धडधाकट स्टार्टर खोलून बसतात, पण ही पट्टी कोणी पाहत नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

पायाची गुंडी काकांनी काढू दिली नाही. "महिनाभर गाडी उभी राहिली की चावी बंद ठेवून इंजिन फिरवायचं असतं रे. आधी तेल वर चढू दे, मग स्पार्क दे."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. सोलेनॉइडच्या दोन्ही बोल्टांवरून तशाच जाड केबल काढून मी त्या गुंडीच्या बोल्टांना जोडल्या. आता सेल्फ चावीनेही लागतो आणि पायानेही.