जास्वंदीवरच्या मुंग्या

डोंबिवलीत बाग म्हणजे बहुधा गॅलरीच्या ग्रिलमधल्या कुंड्या, नाहीतर सोसायटीच्या भिंतीलगतचा हातभर मातीचा पट्टा. त्यात आधी येते ती जास्वंद, गणपतीला फूल हवं म्हणून. नव्याने झाडं लावणाऱ्यांचा पहिला प्रश्नही तिच्याबद्दलच असतो : "काकू, शेंड्यांवर कापसासारखं पांढरं पडलंय, कुठलं औषध मारू?"

मी विचारते, मुंग्या आहेत का?

ते पांढरं म्हणजे पिठ्या ढेकूण. तो झाडाचा रस शोषतो आणि गोड, चिकट द्रव बाहेर टाकतो. मुंग्यांना तो द्रव हवा असतो, म्हणून त्या पिठ्याची राखण करतात आणि त्याला खायला आलेल्या किड्यांना हुसकावून लावतात. हा पहारा उठवल्याशिवाय कितीही फवारा, कीड परत येते. कुंडी विटेवर ठेवा आणि वीट साबणाच्या पाण्याच्या थाळीत. थाळीतलं पाणी दोन-तीन दिवसांनी बदलायचं, डासांना जागा द्यायची नाही. ग्रिलला टेकलेली फांदी आधी छाटा, मुंग्या तिच्यावरूनच चढतात.

मग शेंडे. आकसून गोळा झालेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकावेत. खाली कंपाउंडात भिरकावले तर कीड तिथल्या झाडांवर जाते. उरलेल्या किडीवर पाण्याचा जोराचा फवारा, आणि नंतर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल व थोडा पातळ साबण. साबणाशिवाय तेल पाण्यात मिसळत नाही, आणि पिठ्याच्या मेणचट अंगावरून नुसतं पाणी ओघळून जातं. फवारणी संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनेही. कापसातल्या अंड्यांना याने फारसं काही होत नाही, म्हणून ती फुटतील तसं दर आठवड्याला पुन्हा.

फवारण्याआधी मात्र नीट निरखून पाहा. पिठ्यांच्या गर्दीत एखादा मोठा, लांब पांढऱ्या झुलपांचा, झपाझप चालणारा किडा दिसला तर त्याला हात लावू नका. ती क्रिप्टोलीमस या भुंगेऱ्याची अळी. दिसते पिठ्यासारखी, पण खाते पिठ्यालाच. हा भुंगेरा कॉफीवरच्या खवले किडीसाठी १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला होता. नवखे लोक सगळ्यात आधी ही अळीच चिरडतात, कारण ती सगळ्यात मोठी दिसते. ते पाहून मला फार वाईट वाटतं.

जहाल औषधांना माझा ठाम विरोध आहे. ज्या गॅलरीत कपडे वाळतात आणि पोरं खेळतात तिथे ती नकोत. आपल्या एमआयडीसीतला रस्ता २०२० मध्ये रसायनांनी गुलाबी झाला होता. एवढं भोगणाऱ्या गावात देवाच्या फुलावर आपल्या हाताने आणखी विष कशाला?

पावसाळ्यात खाणारे बदलतात. संध्याकाळी धडधाकट असलेलं झेंडूचं रोप सकाळी बुंध्याशी कुरतडलेलं सापडतं आणि फरशीवर चकाकणारा चिकट माग दिसतो. ही आफ्रिकन गोगलगाय. १८४७ मध्ये ती मॉरिशसहून कोलकात्यात आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर-बीडकडच्या सोयाबीनचा तिने फडशा पाडला होता. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी मातीवर पसरावं, पहाटे उलटावं. खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालूनच उचलाव्यात, कारण माणसाच्या मेंदूला त्रास देणारा कृमी त्यांच्यात असू शकतो. बादलीत मिठाचं घट्ट पाणी करून त्यात टाकाव्यात. मीठ थेट मातीत टाकलं तर झाडंच मरतात. झुडपांत भारद्वाज फिरत असेल तर त्याला मुळीच हाकलू नका, तो गोगलगायी खातो.

तगरीचं प्रकरण वेगळं. पानं संपलेली आणि खाली काळ्या लेंड्या पडलेल्या दिसल्या की वर हिरवी, बोटाएवढी अळी शोधा. डोक्यामागे दोन निळे डोळे असावेत तशी तिची खूण असते. ती कण्हेरीवरही वाढते आणि पुढे तिचा हिरव्या-गुलाबी नक्षीचा मोठा पतंग होतो. तगर मोठी असेल तर अळी तिथेच राहू द्या, झाड पुन्हा भरून फुटतं. रोप कोवळं असेल तर अळी पानासकट उचलून कंपाउंडातल्या जुन्या तगरीवर सोडा. भलत्याच झाडावर सोडली तर ती उपाशी मरेल.