टॉपमध्ये घाट

शहरातून खुलताबादकडे निघालं की पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा मागे पडेपर्यंत गाडीकडे लक्ष द्यावं लागत नाही. रस्ता मोकळा, गाडी टॉपमध्ये, इंजिन एका सुरात. मग दौलताबादचा किल्ला येतो, तटातल्या दिल्ली दरवाजाशी रस्ता चिंचोळा होतो, समोरून एसटी आत शिरलेली असते आणि आपण पाय टेकून उभे. दरवाजा ओलांडला की खुलताबादचा घाट लागतो. डोळ्यांइतकाच इथं कान लागतो.

पुढे हमखास एक कुटुंब असतं. नवरा, बायको, टाकीवर पोरगं, हँडलला पिशवी, आणि शंभर सीसीची गाडी चौथ्यात. इंजिनाचा आवाज जाड होतो, धाप लागल्यासारखा. चेन हिसके देते, आरशातला रस्ता थरथरतो, ॲक्सिलेटर पार पिळलेला असतो आणि गाडी सरकत नाही. गाडी लोड घेते म्हणतात ते हेच. तरी तो गिअर पाडत नाही, कारण ॲव्हरेज! तिसरा टाकला की आवाज वाढतो, आणि आवाज वाढला म्हणजे पेट्रोल गेलं, असा आपल्याकडे पक्का हिशेब आहे.

हा हिशेब चढावर चुकतो. या लहान गाड्यांचा जोर साधारण साडेचार-पाच हजार फेऱ्यांच्या आसपास असतो. चौथ्यात पंचवीस-तीसवर रेंगाळताना इंजिन त्याच्या बरंच खाली फिरतं. फेऱ्या कमी आणि थ्रॉटल सताड उघडं, म्हणजे प्रत्येक ठोक्याला पिस्टनवर पुरा दाब, आणि तोही संथ. क्रँकची बेअरिंग तो दाब सोसतात, इंजिन तापतं, आणि गार करायला असतो फक्त समोरून येणारा वारा. तो पंचविसावर येणार तरी किती, त्यात मराठवाड्यातला एप्रिल. तिसऱ्यात तेच चाक एकदा फिरवायला इंजिन जास्त फेऱ्या घेतं, म्हणून प्रत्येक फेरीला ओढावं कमी लागतं. आवाज चढतो, पण मोकळा होतो.

जुन्या स्प्लेंडरच्या मीटरवर वेगाच्या आकड्यांजवळ १, २, ३, ४ असे पट्टे छापलेले असत: कुठल्या वेगाला कुठला गिअर. किती जणांनी ते कधी पाहिले असतील, देव जाणे. पण त्या पट्ट्यांनाही मागे बसलेलं माणूस कळत नाही, चढ कळत नाही, समोरचा वारा कळत नाही. ते फक्त पायाला आणि बुडाला कळतं. जुन्या बुलेटवाल्यांचा पाय तर आणखी वेगळ्या शाळेत शिकलेला. गिअर उजवीकडे, पहिला वर, बाकीचे खाली. असा माणूस कुणाची साधी गाडी मागून घेतो आणि पहिल्याच चौकात ब्रेक समजून गिअर दाबतो.

गंमत म्हणजे हे सगळं मोटारसायकली बनवणाऱ्या गावात चालतं. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, त्याच्याभोवती बजाजनगर वाढलं, आषाढीला गर्दी जमवणारं आपलं छोटं पंढरपूर एमआयडीसीच्या वाटेवर आलं. शिफ्ट सुटते तेव्हा नगर रस्त्यावर गाड्यांची रांग अशी सरकते की निम्मे लोक दुसऱ्यात हाफ क्लचवर लोंबकळलेले. क्लचप्लेट जळाल्याचा वास एकदा नाकात बसला की पुन्हा ओळखू येतो. अशा गर्दीत पहिला टाकून क्लच पूर्ण सोडावा, थांबायची वेळ आली की पूर्ण दाबावा. पण पहिल्यात चालवणं म्हणजे नवशिक्याचं लक्षण, असं कुणीतरी ठरवून टाकलंय.

घाटातून परत उतरताना ॲव्हरेजवाला न्यूट्रल टाकतो. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून थ्रॉटल सोडलं की उतारावर इंधन जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. वर इंजिनाचा अडसर गेला, म्हणजे सगळा भार ब्रेकवर. काही जण त्याहून हुशार, ते चावीच फिरवतात. मग हॉर्नही बंद, आणि वळणावर ट्रक समोर आला की हे बिचारे तोंडानंच ‘ओ, ओ!’ करत खाली येतात.