आगाशीच्या वाटेवर ‘चिंकारा’

विरारहून आगाशीकडे वळताच रस्ता अरुंद होतो. दुतर्फा केळीच्या वाड्या लागतात. अलिबागजवळ घडलेली ‘चिंकारा रोडस्टर’ येथे आणली की वेगाचा गर्व आपोआप उतरतो. इंग्लंडमध्ये १९५७ साली अवतरलेल्या ‘लोटस सेव्हन’ची ही प्रतिकृती : फायबरग्लासचे अंग, आत अॅम्बेसेडरलाही लाभलेले इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन. छप्पर नसल्याने समुद्राचा खारा वारा थेट अंगावर येतो; प्रत्येक गतिरोधक मणक्याला कळतो. मुनिसुव्रतस्वामींच्या दर्शनास आलेले यात्रेकरू कुतूहलाने विचारतात, “अस्सल आहे का?” उत्तर स्पष्टच द्यावे : प्रतिकृती आहे. व्यापाऱ्यास हे सांगावयास नको. प्रतिकृती म्हणून विकलेला माल प्रामाणिक. तोच अस्सल म्हणून खपविला, तर पेढीची पत जाते. चिंकारा स्वतःच्याच नावाने धावते, म्हणून ती बाळगण्याचा आनंद निखळ असतो.